तंगूस ओढू नका

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर आवाज तुटत होता, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. नारळी पौर्णिमा झाली, हर्णै बंदरात होड्या पुन्हा लागल्या, आणि वाघ्या आता दिवसभर तिथेच असणार. आमिष लावलेली गरी वाळूत पडलेली असली की कुत्र्याची जात, तो आधी गिळतो. गरी गिळली म्हणजे पोट फाडावंच लागतं असं बाबा म्हणाले, पण तसं नाही. ती अन्ननलिकेत किंवा जठरात असेपर्यंत बहुतेक वेळा एंडोस्कोपने, म्हणजे कॅमेरा लावलेल्या वाकणाऱ्या नळीने, एकही टाका न घालता, तोंडातूनच काढता येते. पुढे आतड्यात उतरली की मात्र स्कोप पोचत नाही. म्हणून पहिल्या तासाभरात घरी काय होतं त्यावर पुष्कळ ठरतं.

तोंडातून तंगूस, म्हणजे गरीचा नायलॉनचा दोरा, लोंबत असेल तर ओढू नका. गरीला उलटा काटा असतो. ओढलं की तो आणखी रुततो नि अन्ननलिका चिरतो. बाहेरचा तंगूस हातभर ठेवून कापा आणि टोक गळ्यातल्या पट्ट्याला सैल बांधा, म्हणजे उरलेला पोटात जाणार नाही. डॉक्टरांना गरीपर्यंत तोच वाट दाखवतो. मनीच्या जिभेखाली शिवणाचा दोरा अडकलेला दिसला तर त्यालाही हात लावू नका. एक टोक जिभेला, दुसरं आतड्यात असं असलं की परकराची नाडी ओढल्यावर नेफ्याला चुण्या पडतात तसं आतडं त्या दोऱ्यावर गोळा होतं. वरून ओढलं तर दोरा आतडं कापतो. आई, सुईदोऱ्याच्या डब्याला झाकण लावत जा.

आणि भाताचा गोळा देऊ नकोस. आपल्या घशात काटा अडकला की आपण तेच करतो, पण इथे भात अडकलेल्या जागी साठतो, स्कोपमधून काही दिसत नाही, आणि भूल दिल्यावर तो उलटून फुप्फुसात जाऊ शकतो. केळं, दूध, तेलही नको. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही: टोकदार वस्तू वर येताना पुन्हा चिरते, आणि मीठ जास्त झालं तर त्यानेच जनावर दगावतं. आपल्या डब्यातली दुखण्याची गोळीही नको. पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेते. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडं बिघडतात.

बाबा, हे तुमच्यासाठी. लाळ गळतेय, जबडा लोंबतोय, गिळता येत नाही, भुंकण्याचा आवाज बदललाय असं दिसलं की लोक ‘हाड अडकलंय’ म्हणत तोंडात हात घालतात. रेबीज अगदी असाच दिसतो. वाघ्याची लस वेळेवर झालेली आहे, तरी त्याच्या किंवा वाडीतल्या कुठल्याही कुत्र्याच्या तोंडात हात घालू नका. चुकून चावला, किंवा लाळ जखमेला लागली, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्या.

खरंच काही अडकलं असेल तर कुत्रा मान पुढे ताणून पुन्हा पुन्हा घोट गिळतो आणि फेसाळ लाळ येते. हाडं बहुधा छातीच्या तोंडाशी, हृदयाच्या वर किंवा छाती-पोटामधल्या पडद्याच्या अलीकडे अडकतात. एक्स-रे आडवा आणि उताणा असा दोन्ही बाजूंनी काढायला सांगा. गरी स्वच्छ दिसते. माशाचा काटा पुसट दिसतो किंवा दिसतच नाही, तंगूस तर नाहीच. स्कोप करायचा असेल तर बेरियम (एक्स-रेत उठून दिसणारं पांढरं औषध) पाजू देऊ नका, सगळं लडबडून जातं.

स्कोप म्हणजे साधारण ८ ते ९ मिलिमीटर जाडीची, मीटरभर लांब, वाकणारी नळी. पूर्ण भूल देऊन, श्वासनलिकेत वेगळी नळी घालून, कुत्र्याला डाव्या कुशीवर निजवतात. आतल्या चिमट्याने गरीचा बाक पकडून आधी पुढे जठराकडे ढकलतात, म्हणजे काटा सुटतो. मग बाहेरून सरकवलेल्या जाड नळीत तिचं टोक ओढून घेतात, त्यामुळे वर येताना ती कुठे लागत नाही. हाड असेल तर कधी कधी जठरातच ढकलून देतात, तिथलं आम्ल ते काही दिवसांत विरघळवतं. आंब्याचा बाठा विरघळत नाही. तो आतड्यात जाऊन बसला तर शस्त्रक्रियाच लागते, म्हणून मे महिन्यात बाठे उकिरड्यावर टाकू नका, पुरा. गरीचं टोक अन्ननलिकेच्या पार बाहेर गेलं असेल तरीही पोट किंवा छाती उघडावी लागते. त्याची संमती आधीच देऊन ठेवा, ऐन वेळी मला फोन लागेलच असं नाही.

घरी आणल्यावर मऊ, पातळ खाणं. आतल्या जखमेवर लेपासारखी बसणारी सुक्रालफेटची गोळी पाण्यात विरघळवून, रिकाम्या पोटी, खाण्याच्या तासभर आधी. मानेच्या कातडीवर बोट दाबल्यावर पापड मोडल्यासारखं चुरचुरलं, ताप आला किंवा धाप लागली, तर अन्ननलिकेला भोक पडलं असं समजा आणि तसेच परत न्या. एक ते तीन आठवड्यांनी, पोट न आवळता, गिळलेलं अन्न जसंच्या तसं बाहेर येऊ लागलं तर अन्ननलिका आतून आकसली आहे. ती फुग्याने रुंदावतात, पण बहुधा एका खेपेत भागत नाही.

आधी १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइनवर किंवा तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात फोन करा. मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत गाडीने सहा-सात तास धरा. शिरवळलाही एक महाविद्यालय आहे. निघण्यापूर्वी विचारा: वाकणारा स्कोप आणि तो चालवणारे डॉक्टर दोघेही आज आहेत का? काय गिळलं, किती वाजता, शेवटचं कधी खाल्लं आणि वजन किती, हे कागदावर लिहून न्या. मनीची टोपली माळ्यावर आहे. शेजारच्या पोराला सांगून खाली काढून ठेवा, बाबांनी शिडीवर चढू नये.

तुमची,
सुमा