हेडलाइटची काच उचकटण्यापूर्वी

महोदय,

पावसाळा लागला की गाडीच्या हेडलाइटमध्ये पाणी दिसू लागते आणि घरच्या घरी ठरलेला उपाय होतो. काच उचकटायची, हार्डवेअरच्या दुकानातली सिलिकॉनची ट्यूब कडेने फिरवायची आणि दिवा परत बसवायचा. यात चांगले दिवे कायमचे वाया जातात, म्हणून हे पत्र.

वाफ धरणे वेगळे आणि पाणी शिरणे वेगळे. दिवा तापला की आतली हवा फुगून बाहेर जाते, निवला की बाहेरची हवा आत ओढली जाते. त्यासाठी मागे ब्रीदर असतो. कुठे वाकडी रबरी नळी, कुठे पातळ पडद्याची चकती. सकाळी काचेवर धूसर थर दिसला आणि अर्धा तास दिवा लावल्यावर तो गेला, तर तो दोष नव्हे. एलईडी दिव्याची काच फारशी तापत नाही, त्यामुळे तिथे वाफ जास्त वेळ रेंगाळते. थेंब ओघळत असतील किंवा तळाशी पाणी साचत असेल तर मात्र गळती आहे. तेव्हाही आधी मागची बाजू बघावी. बल्ब बदलताना रबरी बूट, म्हणजे बल्बमागचे रबरी टोपण, तिरका बसलेला असतो, झाकणाची रिंग निसटलेली असते किंवा ब्रीदरच्या नळीत चिखल अडकलेला असतो. बऱ्याचदा दुखणे तिथेच सापडते आणि काच उघडावी लागत नाही.

उघडावीच लागली तर गोंद कोणता ते आधी ओळखावे. हीट गनने, म्हणजे गरम हवा फेकणाऱ्या यंत्राने, कडेचा गोंद जरा गरम करून त्यात टूथपिक रुतवावी. काळी, चिवट तार निघाली तर तो ब्यूटाइल, म्हणजे उष्णतेने मऊ होणारा गोंद. रबरासारखा दबून परत वर आला तर तो पॉलियुरेथेन किंवा सिलिकॉन. हा तापवून सुटत नाही, कापावा लागतो, आणि कापताना काच ज्या खाचेत बसते तिची भिंत हमखास तुटते. असा दिवा घरी उघडू नये.

ब्यूटाइलच्या दिव्यातून बल्ब, होल्डर, रबरी बूट आणि फोकस वर-खाली करणारी मोटर काढून घ्यावी. कडेचे बारीक स्क्रू आणि पिना मोजून काढाव्यात. एक जरी राहिली तरी ओढताना काच तडकते. दिवा आधी आतून वाळू द्यावा, कारण काच पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकची असते आणि ओल धरलेले पॉलिकार्बोनेट फार तापले की त्यात बुडबुडे उठतात. ओव्हन 100 अंशांवर तापवून बंद करावा, मग दिवा लाकडी फळीवर ठेवून 8 ते 10 मिनिटे आत ठेवावा. कॉइल चालू ठेवली तर तिची थेट धग काचेला लागते. ज्या ओव्हनमध्ये अन्न शिजते तो यासाठी वापरू नये. आजचे लांबट दिवे छोट्या ओव्हनमध्ये मावत नाहीत. तिथे हीट गन 15 सेंटीमीटर लांब धरून सतत फिरवत राहावी. उचकटायला प्लॅस्टिकची पट्टी घ्यावी, स्क्रूड्रायव्हर नाही. कोपऱ्यापासून सुरुवात करावी, लॉक एकेक सोडवावेत.

काच सुटताना गोंदाच्या केसासारख्या तारा लोंबतात. त्या रिफ्लेक्टरवर, म्हणजे बल्बमागच्या चकचकीत वाटीवर, पडू देऊ नयेत. रिफ्लेक्टरवरचा ॲल्युमिनियमचा थर मायक्रॉनच्याही अंशाइतका असतो, मऊ फडक्यानेसुद्धा तो निघून येतो. धूळ फक्त ब्लोअरने उडवावी. काचेला पेट्रोल, थिनर, ॲसिटोन लावू नये; बारीक चिरांचे जाळे पडते.

बंद करताना जुना गोंद गरम असतानाच पूर्ण खरवडून काढावा आणि खाचेत ब्यूटाइलची नवी दोरी बसवावी. दोरी ताणू नये, ताणलेली दोरी नंतर आखडून फट पाडते. तिचा जोड वरच्या कडेला घ्यावा, तळाला कधीही नाही. पुन्हा 100 अंशांवर 5 ते 7 मिनिटे तापवून काच दाबावी, लॉक व स्क्रू लावावेत आणि क्लॅम्प लावून पूर्ण निवू द्यावे. ट्यूबमधले जे सिलिकॉन व्हिनेगरसारखे वास मारते, त्यातून सुकताना ॲसेटिक आम्ल सुटते. बंद दिव्यात ते रिफ्लेक्टरवर बसते, चकाकी दुधाळ होते आणि होल्डरचे पॉइंट गंजतात. ब्रीदर सिलिकॉनने बुजवणे ही तर सगळ्यांत मोठी चूक, मग आतली ओल बाहेर जायला वाटच राहत नाही.

सगळे बसवल्यावर नळाच्या झारीने 10 मिनिटे वरून पाणी सोडून तपासावे, प्रेशर पंपाने नाही. शेवटी फोकस. सपाट जागी भिंतीपासून 5 मीटरवर गाडी उभी करून डिपरच्या प्रकाशाची आडवी कडा दिव्याच्या मध्यापेक्षा 5 सेंटीमीटर, म्हणजे अंतराच्या 1 टक्का, खाली आणावी. दिव्यावर वेगळा टक्का छापला असेल तर तो पाळावा. हे राहिले तर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात, आणि घाटातल्या वळणावर ते जिवावर बेतते.

एक मागणी आहे. दिव्यांच्या काचेवर 'पीसी' (पॉलिकार्बोनेट), मागच्या डब्यावर 'पीपी' (पॉलिप्रॉपिलीन) अशी प्लॅस्टिकची खूण सहसा असते. मग गोंदाची खूण का नसावी? तो मऊ होणारा की न होणारा, एवढे एक अक्षर कंपन्यांनी छापावे. आणि ब्रीदर, रबरी बूट, झाकणाची रिंग हे भाग सुटे विकावेत. छोट्याशा रबरासाठी गिऱ्हाइकाला अख्खा दिवा घ्यायला लावू नये.

– एक वाचक, चिपळूण