किडनी काढायची घाई नको, बाबा

ती. बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर ‘किडनी काढूनच टाकू’ म्हणता म्हणता बाबा मधेच गप्प झाले आणि मलाही पुढे बोलवेना, म्हणून लिहून पाठवतेय. आई, तू मोठ्याने वाचून दाखव.

रिपोर्टचा फोटो मिळाला. कोपऱ्यात हळदीच्या बोटाचा ठसा उमटलाय, म्हणजे स्वयंपाक अर्धा टाकून तू तो शोधलास. बारा दिवस तो केळीच्या पावत्यांखाली दडवलेला होता. बाबा, मी रागावले नाही, पण पुन्हा असं एकट्याने सोसू नका.

मुतखड्यासाठी सोनोग्राफी केली आणि डाव्या किडनीत ३ सेंटीमीटरची गाठ दिसली. सीटी स्कॅनवाल्यांनी ‘कॅन्सरची शक्यता’ लिहून कागद हातात दिला, समजावून काहीच सांगितलं नाही. ते मला फार लागलं. कारण ४ सेंटीमीटरपर्यंतच्या अशा गाठींत पाचातली साधारण एक निरुपद्रवी निघते. त्यातलीच ‘ऑन्कोसायटोमा’ सीटीत बऱ्याचदा थेट कॅन्सरसारखी दिसते.

आई, बामणोदच्या भरताच्या वांग्यांतून तू एकेक हातात घेऊन तोलतेस, देठ बघतेस, छिद्र शोधतेस. तरी अळी आहे की नाही ते चिरल्यावरच कळतं. सीटीचं तसंच आहे, गाठीचा आकार कळतो, आत काय आहे ते नेहमी नक्की कळत नाही. म्हणून आणखी एका प्रकारची तपासणी आहे. मॉलिक्युलर इमेजिंगमध्ये अगदी थोडं किरणोत्सारी औषध शिरेतून देतात. ते कोणत्या पेशींत जाऊन बसतं, यावरून गाठीची जात ओळखतात.

मामा म्हणतात तो साधा पेट स्कॅन इथे फारसा उपयोगाचा नाही. त्यात किरणोत्सारी साखर देतात आणि ती लघवीवाटे बाहेर पडते, त्यामुळे किडनीच उजळते आणि गाठ त्यात हरवते. मी डॉक्टरांना विचारलं ते सेस्टामिबी स्कॅनबद्दल. हृदयाच्या तपासणीत वर्षानुवर्षं वापरतात तेच हे औषध. ऑन्कोसायटोमाच्या पेशी मायटोकॉन्ड्रियांनी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या बारीक भागांनी, गच्च भरलेल्या असतात, तिथे ते साठतं आणि गाठ चमकते. किडनीत नेहमी आढळणारा ‘क्लिअर सेल’ जातीचा कॅन्सर मात्र काळाच राहतो. म्हणजे बाबा, या तपासणीत चमकलेलं चांगलं! काही वेगळ्या गाठीही चमकतात, म्हणून शेवटचा शब्द डॉक्टरांचाच. गरज पडली तर सुईने तुकडा घेऊन तपासतील. सुई लावली की कॅन्सर पसरतो म्हणतात, पण किडनीच्या बाबतीत तसं फार क्वचित घडतं.

याच्या उलट चालणारी तपासणीही निघाली आहे. क्लिअर सेल कॅन्सरच्या बहुतेक पेशींवर सीएआयएक्स नावाचं प्रथिन असतं. त्याला चिकटणाऱ्या गिरेन्टक्सिमॅब या अँटिबॉडीला झिर्कोनियम-८९ हे किरणोत्सारी द्रव्य जोडतात. ते हळूहळू विरतं, सव्वातीन दिवसांत निम्मं होतं, म्हणून स्कॅन काही दिवसांनी काढता येतो. झिरकॉन नावाच्या मोठ्या चाचणीत या तपासणीने क्लिअर सेल कॅन्सर असलेल्या शंभरातले साधारण ८६ जण ओळखले. ते निष्कर्ष २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. ती आपल्याकडे अजून सर्रास होत नाही, म्हणून मी तिच्यासाठी थांबणार नाही.

किरणोत्सारी म्हटल्यावर आई घाबरेल. सेस्टामिबीतल्या टेक्नेशियम या किरणोत्सारी द्रव्याचा जोर दर ६ तासांनी निम्मा होतो. त्या दिवशी पाणी भरपूर प्यायचं आणि लहान लेकरांना मांडीवर घ्यायचं नाही, एवढंच.

आणि बाबा, कॅन्सर निघालाच, तरी एवढ्या गाठीला बहुधा तेवढाच भाग काढून किडनी वाचवता येते. ‘आता काय राहिलं’ असं काल म्हणालात, ते मला रात्रभर झोपू देईना.

बुधवारचं महाराष्ट्र एक्स्प्रेसचं भुसावळहून तिकीट काढलंय, दोघांचंही. बागेचं पाणी काका बघतील, बोलले मी त्यांच्याशी. नुसता रिपोर्ट आणू नका, सीटीची सीडी आणि क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, कागदही पिशवीत घाला. पुणे स्टेशनवर मी उभी असेन.

तुमची,
मनू