म्हैस कुठं बांधू, साहेब?

माननीय मंत्रिमहोदय,

सादर नमस्कार.

परवा आमच्या दारावर पुराची नोटीस चिकटवून गेले. नदीकाठच्या लोकांनी जनावरांसह सुरक्षित ठिकाणी जावं, असं तिच्यात लिहिलंय. खाली सही आहे, शिक्का आहे. सुरक्षित ठिकाण कुठलं, ते लिहिलेलं नाही. २०१९ पासून दर पावसाळ्यात हा कागद येतो आणि दर वेळी मी एकच प्रश्न विचारते. तोच आता सगळ्यांदेखत विचारते.

मी शिरोळ तालुक्यातली. कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा, अशा चार नद्यांचा हा तालुका. नृसिंहवाडीत नदीचं पाणी दत्त मंदिरात शिरून दक्षिण दारातून बाहेर पडलं, म्हणजे दक्षिणद्वार सोहळा झाला, की लांबून माणसं स्नानाला येतात. आमच्या गल्लीत त्याच दिवशी बायका वैरण माळ्यावर चढवायला लागतात. कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आमच्या शाळकरी पोरांनासुद्धा पाठ आहे. पण कृष्णा तुंबली की पंचगंगेला पुढं वाट मिळत नाही. कोल्हापुरात पाणी उतरल्याची बातमी येते आणि आमच्या उंबऱ्यावर ते चढतच असतं.

२०१९ ला त्या बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमच्याकडं चार म्हशी होत्या, त्यातली एक गाभण. बोट आली रात्री. बोटवाला म्हणाला, माणसं तेवढी बसा. मी सासूबाईंना आणि पोरांना घेऊन बसले. मालक मागं राहिले. दावी कापून म्हशी मोकळ्या केल्या आणि दोन रात्री शेजारच्या स्लॅबवर काढल्या. दोन म्हशी पोहून वरच्या रानाला लागल्या. गाभण होती ती आणि तिच्याबरोबरची एक गेली. पाणी उतरल्यावर पंचनाम्याला आलेल्यांनी मेलेल्या जनावराचा फोटो मागितला. वाहून गेलेल्या म्हशीचा फोटो मी कुठून आणू? सासूबाई त्यांच्यासमोर रडल्या. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या घरी गेले. एक रुपया मिळाला नाही. आज दुभत्या म्हशीचा सरकारी दर ३७,५०० रुपये आहे. या पैशात चांगली म्हैस मिळते का, ते एकदा बाजारात येऊन विचारा.

२०२१ ला पाणी ५६ फुटांच्याही वर. तेव्हा शाळेतल्या छावणीत एक मोठे साहेब आले. माझ्यासमोर उभं राहून म्हणाले, "ताई, पुढच्या पावसाळ्याआधी उंचावर जनावरांसाठी पक्की शेड होईल, वैरणीसकट." टाळ्या आम्हीच वाजवल्या. त्यानंतर पावसाळे येऊन गेले. शेडचा एक खांबसुद्धा उभा नाही.

आणि वर आम्हालाच बोल लावतात, लोक वेळेत बाहेर पडत नाहीत म्हणून! अहो, माणूस घरासाठी थांबत नाही. गोठ्यात बांधलेल्या जिवासाठी थांबतो. त्याच्या दुधावर आठवड्याचा बाजार होतो. जनावराची सोय आधी झाली तर ४० फुटांनाच गाव रिकामं होईल, मी लिहून देते. सोय नसली की माणसं शेवटच्या घटकेपर्यंत थांबतात आणि मग एकाच बोटीवर तुटून पडतात. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला अशीच भरलेली बोट उलटली. १७ माणसं गेली. तो दिवस इकडं कुणी विसरलेलं नाही. बोटीवर किती माणसं, हे ठळक रंगात लिहायला आणि तेवढी जॅकेटं ठेवायला कितीसा खर्च येतो?

कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या अलमट्टी धरणावर तुम्ही सगळे बोलता. सरकारनंच नेमलेल्या वडनेरे समितीनं अहवालात २०१९ च्या पुराचा दोष अलमट्टीला दिला नाही, तरी भांडण तिथंच अडकलंय. बोला, कर्नाटकाशी जरूर भांडा. पण पुणे-बंगळूर हायवेचे भराव कुणी घातले? शिरोलीला तो रस्ताच पाण्यात गेला, दोन्ही महापुरांत. भरावाऐवजी कमानीचे पूल करा म्हणून आमचे लोक ओरडून थकले. पूररेषेच्या आत घरं कुणाच्या सहीनं उठली? पूरनियंत्रणाला जागतिक बँकेच्या मदतीनं ३,२०० कोटी म्हणे. त्यातून आमच्या गोठ्यापर्यंत काय आलं? दारावरचा हा कागद. निवडणुकीत आमची गल्ली सापडते, पाण्यात सापडत नाही.

आम्ही आमच्याकडून करतो तेवढं करतोच. सातबारा, आधार, बँकेचं पुस्तक प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवलंय. पाणी अंगणात आलं की मेन स्विच बंद करायचा, रस्त्यावरून पाणी वाहतंय तर गाडी घालायची नाही, घरी परतल्यावर आधी काठीनं कोपरे ढोसायचे, साप असतो. चिखल काढताना पायात बूट, पाणी उकळूनच प्यायचं. दावं एका हिसड्यात सुटेल अशा गाठीनं बांधायचं, हे मी आता पोरांनाही शिकवलंय. दोन महापुरांनी शिकवलं मला.

मागणी एकच आहे. उंचावरची जागा, वर पत्रा, पाण्याची टाकी, पंधरा दिवसांची वैरण, आणि त्या जागेचं नाव नोटिशीवर. आमच्याकडं आता दोन म्हशी आणि एक रेडकू आहे. मी मोजलंय, तिघांना वीस फूट बाय दहा फूट पुरतं.

आपली,
शिरोळ तालुक्यातली एक दूध उत्पादक