'तीन महिन्यांची शुगर' आणि सिकलसेल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या वस्तीत भरलेल्या मोफत आरोग्य शिबिरात माझ्या धाकट्या बहिणीची 'तीन महिन्यांची शुगर', म्हणजे एचबीएवनसी तपासली. आकडा आला 5.1. 'ताई, तुम्हाला शुगर नाही,' असे सांगून तिला घरी पाठवले. रात्री चार-चार वेळा ती लघवीला उठत होती, ब्लाउज अंगावर लोंबायला लागले होते. पण कागदावर 'नॉर्मल' लिहिलेले, म्हणून आम्हीही पाच महिने गप्प बसलो. शेवटी घराजवळच्या डॉक्टरांनी उपाशीपोटी रक्त काढायला लावले: 168. ग्लुकोज पिऊन दोन तासांनी: 271.

बहीण लहानपणापासून सिकलसेलची, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराची, रुग्ण आहे. शिबिरात ते कुणी विचारले नाही, आम्हालाही सांगायचे सुचले नाही.

तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली, ते एचबीएवनसी सांगते. पेशी सुमारे 120 दिवस जगते, हे त्यात गृहीत धरलेले असते. सिकलसेलच्या रुग्णाची पेशी दोन-तीन आठवड्यांतच फुटते. साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. लोह कमी असलेल्या बाईचा हाच आकडा उलट वाढीवही येऊ शकतो. वाहकांच्या (आई-वडिलांपैकी एकाकडूनच हा दोष आलेल्या, स्वतः आजारी नसलेल्यांच्या) बाबतीत लॅबचे मशीन कोणत्या पद्धतीचे आहे, यावरही बरेच अवलंबून असते.

निदानाला उपाशीपोटी 126, 75 ग्रॅम ग्लुकोजनंतर दोन तासांनी 200 आणि एचबीएवनसी 6.5, या तिन्ही मर्यादा मान्य आहेत. पण तिन्ही तपासण्या प्रत्येक वेळी एकच उत्तर देतात असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये एचबीएवनसीला निदानासाठी मान्यता दिली, तीही आकडा बिघडवणारा आजार नसेल तरच, या अटीवर. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण आणि वाहक मोठ्या संख्येने आहेत. इथे ही अट विसरून कसे चालेल? (घरून पोहे खाऊन दिलेल्या 'पीपी'ला, म्हणजे खाल्ल्यानंतरच्या साखरेलाही, लोक तोच 200 चा आकडा लावतात. तो ग्लुकोजच्या तपासणीसाठी ठरवलेला आहे, पोह्यांसाठी नाही.)

शिबिरे बंद करा, असे माझे म्हणणे मुळीच नाही. त्यांच्यामुळेच गरीब माणसाच्या रक्ताला सुई लागते. मागणी एवढीच, की नागपुरातल्या प्रत्येक शिबिराच्या आणि लॅबच्या फॉर्मवर 'सिकलसेल आहे का? वाहक आहात का?' असा रकाना असावा. उत्तर 'हो' आले, तर एचबीएवनसीवर न थांबता उपाशीपोटीची आणि ग्लुकोजनंतरची साखर तपासावी. घरच्यांनीही रक्त द्यायला जाताना सिकलसेलचे कार्ड सोबत न्यावे.

14 नोव्हेंबरला मधुमेह दिनाची शिबिरे पुन्हा लागतील. महापालिकेच्या आरोग्य विभागाने त्याआधी हा रकाना फॉर्मवर आणावा, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, इंदोरा, नागपूर