डोंगरातली छोटी धरणं पावसाच्या आधी दुरुस्त करा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी भुदरगड तालुक्यातल्या एका वाडीचा. आमच्या तालुक्यात 1 सप्टेंबर 2021 च्या रात्री मेघोलीचं धरण फुटलं, एक बाई गेली, जनावरं वाहून गेली, ओढ्याकाठच्या शेतांतली माती खरवडून निघाली. त्याच्या आधी 2 जुलै 2019 ला चिपळूण तालुक्यात तिवरे फुटलं होतं, रात्री साडेनऊच्या सुमारास, भेंदवाडीतली वीसच्या वर माणसं गेली. दोन्हीकडं गळती लोकांना आधीपासून दिसत होती आणि लोकांनी ती सांगितलीपण होती. हेच मला सहन होत नाही, म्हणून लिहितोय.

आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला रोजगार हमीच्या काळातलं एक तळं आहे, मातीचा भराव, एका बाजूला जादा पाणी बाहेर जायचा सांडवा. माझ्या आईनं त्या भरावावर डोक्यावरनं पाट्या टाकल्यात. आज भरावावर जांभळीची आणि ऐनाची झाडं मनगटाएवढी नाही, मांडीएवढी झालीत. बघायला हिरवंगार वाटतं, पण झाड मेलं की मुळं कुजतात आणि भरावात आरपार पोकळी राहते, पाण्याला तयार वाट मिळते. पिचिंगचे, म्हणजे पाण्याकडच्या उतारावर रचलेले दगड सरकलेत, गेट गंजून बसलंय ते उघडतच नाही, आणि सांडव्यात दरडीचा राडारोडा साचलाय. माझ्या मते सगळ्यात वाईट हे शेवटचं, कारण मातीच्या धरणाला माथ्यावरनं पाणी गेलेलं चालत नाही, एकदा वरनं वाहायला लागलं की थोड्या तासांत भराव कापून काढतं. आमच्याकडं घाटमाथ्याचा पाऊस, एका रात्रीत तळं भरतं, त्यात सांडवा तुंबलेला असला तर पाण्यानं जायचं कुठं?

गळतीचं म्हणाल तर मातीचं धरण थोडं पाझरणारच, पायथ्याला निवळ पाणी येत असेल आणि रोज तेवढंच असेल तर लगेच घाबरायचं कारण नाही, तरी लक्ष ठेवायचं. पण पाणी गढूळ यायला लागलं की समजायचं पाणी आतली माती घेऊन येतंय, भराव आतनं पोकळ होतोय. हे आमच्या वाडीतल्या गुरं राखणाऱ्या पोरालापण कळतं, रोज तिथनंच जातोय तो. पण त्यानं सांगायचं कुणाला? आम्ही लेखी अर्ज दिले, एका ऑफिसनं सांगितलं आमच्याकडं येत नाही, दुसऱ्यानं सांगितलं कागद बघावा लागेल, तेवढ्यात पाऊस आला. 100 हेक्टरपर्यंत रान भिजवणारं तळं जिल्हा परिषदेकडं, त्याच्या वरचं 600 पर्यंत जलसंधारण खात्याकडं, त्याच्या पुढं जलसंपदा खातं, ही वाटणी सायबांना पाठ असेल पण तळ्याच्या बांधावर कुणाचा फोन नंबर लिहिलेला नाही.

2021 चा धरण सुरक्षा कायदा आला तेव्हा बरं वाटलं होतं, पावसाआधी आणि पावसानंतर तपासणी सक्तीची केलीय त्यात. पण तो 15 मीटरच्या वर उंचीच्या धरणांना आणि 10 ते 15 मीटरमधल्या काही अटींत बसणाऱ्यांनाच लागू आहे. आमच्यासारखी तळी त्याच्या बाहेरच राहतात. केंद्राच्या जलाशय गणनेत महाराष्ट्रात 97 हजारांच्या वर पाणीसाठे मोजलेत, त्यातल्या किती बांधांवर गेल्या वर्षी कुणी इंजिनिअर चालत गेला असेल?

आणि दुरुस्तीची वेळ कोण बघतच नाही. आमच्याकडं जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर पोकलेन सोडाच, ट्रॅक्टरपण वर चढत नाही, वाट चिखलात जाते. ओल्या मातीवर रोलर फिरवून भराव नीट बसतपण नाही. म्हणजे खरं काम जानेवारी ते मे एवढंच, आणि मंजुरीचा कागद मेच्या शेवटी येतो, मग ठेकेदार वरवर चार डंपर मुरूम टाकून जातो, पहिल्या पावसात तो खाली ओढ्यात. नवीन धरणाचं भूमिपूजन होतं, फोटो येतो, जुन्याच्या सांडव्यातले दगड काढायला मात्र निधी नसतो. अहो, सांडवा मोकळा करणं, झुडपं लहान असतानाच काढणं, गेटला ग्रीस घालून वर्षातनं दोनदा फिरवणं, याला किती पैसा लागतो? मोठी झाडं मात्र आमच्या हातानं तोडायची नाहीत, मुळांसकट काढून खड्डा थराथरानं दाबून भरावा लागतो, तिथं जाणकार माणूसच पाहिजे.

प्रत्येक तळ्यामागं वाडीतलाच एक माणूस पावसाळ्याचे चार महिने मानधनावर ठेवा, त्यानं रोज पाणी बघावं, गढूळ दिसलं की थेट तहसीलला फोन करावा आणि खालच्या घरांना उठवायचा अधिकार त्याला असावा. बांधावर मालक खात्याचं नाव नंबर रंगवा.

साहेब, तुमच्या तालुका वार्ताहरांना एकदा आमच्या तळ्यावर पाठवा. मे संपायच्या आत या, गाडी वरपर्यंत येते.

आपला,
भुदरगड तालुक्यातला एक वाचक