आवाहन: शिकागोच्या मॉन्ट्रोज किनाऱ्यावर राखणीला माणसं हवीत

मंडळी, सप्रेम नमस्कार.

एप्रिल सरत आला, पायपिंग प्लोव्हर हे किनाऱ्यावर घरटं करणारे छोटे पक्षी येऊ लागतील. ऑफिसच्या धबडग्यात लिहितोय, सांभाळून घ्या.

गेल्या सभेत कुणीतरी विचारलं, "मूठभर पक्ष्यांसाठी एवढा खटाटोप कशाला?" तेव्हा उत्तर राहून गेलं, ते आता देतो. फ्लोरिडात डस्की सीसाइड स्पॅरो नावाची काळसर, खाऱ्या दलदलीतल्या गवतावर बसून गाणारी चिमणी होती. केप कॅनाव्हरलजवळच्या मेरिट बेटावर डास मारायला आधी डीडीटी फवारलं, मग डासांपायीच दलदल पाण्याखाली घातली. सेंट जॉन्स नदीकाठची जागा निचरा, रस्ते आणि वणव्यांनी खाल्ली. १९७५ नंतर मादी कुणाला दिसली नाही. पकडून सांभाळले ते पाचही नर! शेवटचा, पायात केशरी कडं असलेला, जून १९८७ मध्ये डिस्ने वर्ल्डमध्ये मेला. नष्ट होऊ घातलेल्या प्राण्यांच्या सरकारी यादीत तिचं नाव १९६७ पासूनच होतं बरं का.

प्लोव्हर आपल्या चिखल्याच्या कुळातला. ग्रेट लेक्सवर १९९० च्या सुमारास डझनभर जोड्या उरल्या होत्या, आता ऐंशीच्या वर आहेत. आपल्या मॉन्ट्रोजवर २०१९ मध्ये माँटी आणि रोझ या प्लोव्हर जोडीने घरटं केलं, त्यांच्यापायी संगीत महोत्सव रद्द झाला. त्यांचा मुलगा इमानी २०२३ चा उन्हाळाभर जोडीदाराविना फिरला. त्याच वर्षी माणसांनी वाढवलेली काही पिल्लं इथे सोडली होती. त्यातली सीरॉकेट २०२४ मध्ये परतली, इमानीशी तिची जोडी जमली आणि त्यांचं पिल्लू नागामो मोठं होऊन उडायला लागलं. त्या चिमणीला सीरॉकेट मिळालीच नाही, एवढाच काय तो फरक.

घरटं म्हणजे वाळूतला खळगा, त्यात वाळूच्याच रंगाची चार अंडी. मोकळा कुत्रा किंवा व्हॉलीबॉल आला की खेळ खलास. म्हणून घरट्याभोवतीच्या दोरीपाशी माणूस लागतो.

नेपरव्हिलच्या काकूंनी (नाव छापायचं नाही अशी तंबी आहे) दुर्बीण दिली, वर भर उन्हात मठ्ठा पोचवला. शॉमबर्गच्या निवृत्त काकांनी गुडघेदुखी असून सकाळची पाळी कधी चुकवली नाही. बालवर्गाच्या मुलांनी रंगवलेले फलक पाहून गोरे लोकही थांबून वाचत. या सगळ्यांचे ऋण फिटायचे नाहीत.

हवं ते असं: मे ते जुलै, शनि-रवि, दोन तासांची पाळी, आधी छोटं प्रशिक्षण, मुलं चालतील, कुत्री नाहीत. कुटुंबामागे २५ डॉलर (ट्रायपॉड, छत्री, पत्रकं, उरतील ते पिल्लं वाढवणाऱ्या केंद्राला), खजिनदारांना झेलने (Zelle, बँकेतून पैसे पाठवायची सोय) पाठवा, मेमोत "चिखल्या" लिहा.

दिवाळीच्या जेवणाची तिकिटं तासाभरात संपतात. मागच्या आवाहनाला मात्र ग्रुपवर अंगठेच अंगठे आणि किनाऱ्यावर तेच चार चेहरे. यंदा अंगठा नको, नाव आणि वार कळवा.

आपला,
सचिव, पक्षीमित्र गट