येशूचे देवत्व आणि पंडिता रमाबाईंची साक्ष

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत पंडिता रमाबाईंच्या कार्याविषयी प्रसिद्ध झालेला लेख मी आस्थेने वाचला. शारदा सदन, केडगावचे मुक्ती मिशन आणि दुष्काळात निराधार झालेल्या मुलींसाठी रमाबाईंनी उपसलेले कष्ट यांविषयी लेखकाने मनापासून लिहिले आहे, त्याबद्दल एक ख्रिस्ती वाचक म्हणून मी त्यांची ऋणी आहे. परंतु त्या लेखात ओघाने आलेल्या दोन विधानांना उत्तर देणे मला माझे कर्तव्य वाटते. येशू हा एक थोर नीतिशिक्षक होता आणि त्याला देवपद इ. स. 325 मध्ये एका परिषदेत मतदान करून बहाल करण्यात आले, हे पहिले विधान. रमाबाई ख्रिस्ती झाल्या त्या सनातन्यांच्या जाचाला कंटाळून, त्यात श्रद्धेचा भाग नाममात्र होता, हे दुसरे. अशी विधाने मराठीत इतक्या वेळा छापली गेली आहेत, की आता ती कोणी तपासूनही पाहत नाही. येशू देव आहे असे आम्ही का म्हणतो, हे ज्याने समजून घेतले नाही, त्याला रमाबाईंच्या आयुष्यातील सर्वांत मोठी घटना दिसतच नाही, असे माझे मत आहे.

प्रथम निकियाच्या परिषदेविषयी. आजच्या तुर्कस्तानातील या गावी सम्राट कॉन्स्टंटाइनने 325 मध्ये बिशपांची सभा बोलावली, हे खरे. पण तेथे जमलेल्या मंडळींपुढे ‘येशू माणूस की देव’ असा प्रश्नच नव्हता. अलेक्झांड्रिया येथील एरियस नावाच्या धर्मगुरूने असे शिकवण्यास सुरुवात केली होती, की देवपुत्र हा सर्व सृष्टीहून श्रेष्ठ असला, तरी तोही देवाने निर्माण केलेलाच आहे. म्हणजे एरियसदेखील येशूला केवळ एक थोर शिक्षक मानत नव्हता. वाद होता तो पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे की त्याच्याहून वेगळा व निर्माण केलेला आहे याविषयी, आणि सभेने एरियसचे मत नाकारले. ते नाकारताना जो मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची अधिकृत कबुली, तयार झाला, त्यात पुत्राच्या देवत्वाच्या लगोलग शब्द येतात ते असे, की तो आम्हा मानवांसाठी आणि आमच्या तारणासाठी खाली उतरला. देवत्व आणि तारण या दोन गोष्टी तेथे एकाच वाक्यात बांधलेल्या आहेत, आणि ते अकारण नाही. निर्माण केलेला कोणीही, मग तो कितीही थोर असो, दुसऱ्या निर्मिताला पापातून व मरणातून सोडवू शकत नाही; जो सोडवतो तो देवच असला पाहिजे, हा अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासिअस याचा युक्तिवाद पुढे अनेक वर्षे गाजत राहिला आणि त्यापायी त्याने वारंवार हद्दपारीही सोसली.

निकियाच्या फार पूर्वीपासून ख्रिस्ती लोक येशूची उपासना करीत होते, याचा पुरावा ख्रिस्ती नसलेल्या माणसानेही दिलेला आहे. ज्या बिथुनिया प्रांतात निकिया वसलेले होते, त्याच प्रांताचा कारभार पाहणाऱ्या प्लिनी या रोमी अधिकाऱ्याने सुमारे 112 साली सम्राट ट्राजानला पत्र लिहून कळवले, की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याचे स्तोत्र गातात. म्हणजे परिषदेच्या दोनशेहून अधिक वर्षे आधी, त्याच भूमीत, साधी माणसे हे गात होती, आणि ख्रिस्ती असल्याचे न नाकारल्याबद्दल प्लिनीच्या हातून मरणही पत्करत होती. त्याच्याही मागे गेले तर येशूचा प्रेषित पौल याचे बायबलमधील फिलिप्पैकरांस पत्र आहे. येशूच्या मृत्यूनंतर सुमारे तीस वर्षांच्या आतबाहेर लिहिलेल्या या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल सांगतो, की जो देवाच्या स्वरूपाचा होता त्याने स्वतःला रिक्त केले, दासाचे रूप घेतले, वधस्तंभावरचे मरण सोसले, आणि आता त्याच्या नावापुढे प्रत्येक गुडघा टेकला जाईल. प्रत्येक गुडघा माझ्यापुढे टेकेल, हे यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात परमेश्वर स्वतःविषयी बोललेला आहे. एकाच देवाला भजणाऱ्या, मूर्ती वा मनुष्य यांपुढे नमणे हे महापाप मानणाऱ्या यहुदी परंपरेत वाढलेल्या पौलाने हे शब्द येशूला लावावेत, ही काही सन्मानाने बहाल केलेली पदवी नव्हे. या लोकांना तसे म्हणण्यावाचून गत्यंतर उरले नव्हते, इतके त्यांनी काहीतरी पाहिले व अनुभवले होते. पुनरुत्थित येशूला पाहून ‘माझा प्रभू व माझा देव’ असे उद्गारलेला त्याचा शिष्य थोमा आधी संशय घेणाराच होता.

येशूने स्वतः काय केले, याकडेही लेखकाने लक्ष दिलेले नाही. मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात कफर्णहूम येथील प्रसंग आहे. चार माणसे एका पक्षघाती मनुष्याला छप्पर उकलून येशूपुढे सोडतात. सगळ्यांची अपेक्षा तो बरा व्हावा अशी. पण येशू आधी त्याला म्हणतो, की तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. तेथे बसलेले शास्त्री लगेच मनात म्हणतात, हे दुर्भाषण, म्हणजे देवाची निंदा, आहे, देवावाचून पापांची क्षमा कोण करू शकतो? माझ्या मते त्या शास्त्र्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. नीतिशिक्षक पाप कोणते ते सांगतो, पश्चात्तापाचा मार्ग दाखवतो. तो क्षमा आपल्या अधिकारात देत नाही. म्हणून जो केवळ येशूची शिकवण ठेवू पाहतो आणि त्याचे देवत्व बाजूला सारतो, त्याच्या हाती डोंगरावरील प्रवचनासारखे उत्तुंग उपदेश राहतात, पण ते पाळता न आलेल्या माणसाला क्षमा करणारा कोणी राहत नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण हिंदू मित्रमैत्रिणींशी बोलताना हा प्रश्न नेहमी येतो. येशू देव आहे म्हणजे त्याने मनुष्याचे रूप काही काळ धारण केले, असे आम्ही म्हणत नाही. तो पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य आहे, असे ख्रिस्तमंडळी मानते, आणि 451 मध्ये खाल्सेदोन येथील परिषदेने ते नेमक्या शब्दांत मांडले. त्याला भूक लागली, तो रडला, तो दमला, रोमी सुभेदार पंतय पिलाताच्या अमलाखाली तो खरोखर मेला.

तो दमला होता, हे वाक्य योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येते, आणि तेथूनच मी रमाबाईंकडे वळते. भर दुपारी, वाटचालीने थकून येशू शोमरोनातील सूखार गावाजवळच्या विहिरीवर बसतो आणि पाणी भरायला आलेल्या एका बाईजवळ पाणी मागतो. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. त्यातून ती बाई, आणि पाच नवरे होऊन गेलेली. पाणवठ्यावरून माणूस माणसाला कसा दूर ठेवतो, हे महाराष्ट्राला समजावून सांगावे लागत नाही. येशू तिच्याजवळ पाणी मागतो, तिचे सारे आयुष्य तिला सांगतो, तिचा धिक्कार करीत नाही, आणि आपण येणारा मशीहा आहोत हे त्या बाईला उघड शब्दांत सांगतो. इंग्लंडमध्ये असताना रमाबाई वाँटेज येथील भगिनींनी (मठवासी ख्रिस्ती स्त्रियांनी) फुलम येथे चालवलेले आश्रयगृह पाहायला गेल्या. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची सेवा तेथे प्रेमाने होताना पाहून त्यांनी यामागचे कारण विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना हाच अध्याय वाचून दाखवला. 1907 साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाई सांगतात, की तो वाचल्यावर ख्रिस्त हा स्वतःविषयी म्हणतो तसा खरोखर दैवी तारणारा आहे, आणि भारतातील दडपलेल्या स्त्रीजातीला त्याच्यावाचून कोणी वर उचलू शकणार नाही, अशी त्यांची खात्री झाली. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला.

जाचाला कंटाळून धर्म बदलणारी व्यक्ती अशी वागत नाही. ख्रिस्ती शास्त्राशी रमाबाईंचा परिचय पुण्यात येण्याआधीच झाला होता. आसामातील सिल्चर येथे पतीच्या पुस्तकांत त्यांना लूकचे शुभवर्तमान बंगालीत मिळाले होते. पुण्यात त्यांनी नव्या कराराचा अभ्यास केला, आणि फादर नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या लिखाणाने त्यांच्या ब्राह्मो मतांना हादरा दिला. पुढे बाप्तिस्मा घेतल्यानंतरही त्या मुकाट्याने कोणाचे ऐकणाऱ्यांपैकी नव्हत्या. चेल्टनम येथे असताना त्रैक्य (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव, ही शिकवण) आणि ख्रिस्ताचे देवत्व यांविषयी त्यांनी वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनमच्या महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी पत्रांतून जो वाद घातला, तो वाचणाऱ्याला थक्क करतो. मंडळी सांगते म्हणून एखादे मत मान्य करायला ही संस्कृत पंडिता तयार नव्हती. शास्त्रात ते आहे का, हे ती स्वतः पाहणार होती. भगिनींना याचा त्रास झाला, कदाचित थोडा रागही आला. मला मात्र या शंकांविषयी फार आदर वाटतो, कारण ज्या निष्कर्षाला त्या अखेरीस पोचल्या तो कोणाचा उसना नव्हता.

यानंतरचा भाग आपल्याकडच्या चरित्रलेखनात बहुधा एका ओळीत संपतो, आणि हीच माझी मुख्य तक्रार आहे. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, म्हणजे शारदा सदन सुरू होऊन, त्यांचे नाव देशोदेशी पोचलेले असताना, रमाबाईंना जाणवले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त मिळालेला नाही. हे त्यांचे स्वतःचे म्हणणे आहे. विद्वत्ता होती, त्याग होता, सेवा होती. तरी अंतःकरणावर पापाचे ओझे तसेच होते. मग वचनातून त्यांना कळून आले, की देव ख्रिस्ताद्वारे जे तारण देतो ते पुढे केव्हातरी मिळणारे नसून आता, याच घडीला मिळणारे आहे. ते कमवायचे नसून विश्वासाने घ्यायचे आहे. त्यांनी विश्वास ठेवला, ते घेतले, आणि त्या आनंदाने भरून गेल्या. 1893 मध्ये शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातील न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखी मोठी माणसे बाजूला झाली, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या, तरीही आपली प्रार्थना दार बंद करून करण्यास त्यांनी नकार दिला. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणून केडगावचे माळरान वसवण्याचे बळ कोठून आले, हे शोधणाऱ्याने आधीचा हा तारणाचा अनुभव टाळून पुढे जाऊ नये.

या अनुभवाला निव्वळ भावनेचा उमाळा म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी मी माझ्यापुरते सांगते. आमच्या जिल्ह्यातील अनेक कुटुंबांप्रमाणे आमच्या घरात आजोबांच्या पिढीपासून ख्रिस्ती धर्म आहे. तान्हेपणी माझा बाप्तिस्मा झाला, रविवारच्या शाळेत वचने पाठ झाली, मंडळीत दृढीकरण झाले. येशू देव आहे, हे उत्तर मला विचारले असते तर झोपेतही आले असते. पण घरातल्याच एका माणसाविषयी मनात धरलेले वैर मला वर्षानुवर्षे सोडवत नव्हते, आणि त्याची लाज व जड ओझे घेऊन मी उपासनेला बसत असे. एके दिवशी रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाचा आरंभ वाचताना, ख्रिस्त येशूमध्ये जे आहेत त्यांना दंडाज्ञा नाही, हे वाक्य मला उद्देशून आहे असे प्रथमच कळले. मी रडले, कबुली दिली, आणि मला क्षमा मिळाली, हे मला आज जितके खरे वाटते तितके दुसरे फारसे काही वाटत नाही. ते वैर त्यानंतर राहिले नाही. मला जर कोणी केवळ थोर मनुष्य भेटला असता, तर त्याच्याकडून मी स्फूर्ती घेतली असती. क्षमा मला त्याच्याकडून घेता आली नसती.

हा अनुभव सर्वांना एकाच रीतीने येतो, असे मात्र मी मानत नाही. वसईच्या कॅथलिक घरात वाढलेली व्यक्ती तो संस्कारांतून आणि मिस्सेतून हळूहळू ओळखते, पेंटेकॉस्टल मंडळीत त्याची तारीख सांगितली जाते, आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांना तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्तापाशी आल्याचे सांगावेसे वाटले. लक्ष्मीबाई टिळकांनी पतीमागोमाग बाप्तिस्मा घेतला नाही. 1895 ते 1900 अशी पाच वर्षे त्या आपल्या वाटेने चालल्या. नव्या जन्माची तारीख न सांगता येणाऱ्याला कच्चा ख्रिस्ती ठरवणारे आमच्यातही आहेत, आणि ते मला पटत नाही. योहानाच्या त्याच अध्यायाच्या शेवटी सूखारचे गावकरी त्या बाईला म्हणतात, की आता तुझ्या सांगण्यावरून आम्ही विश्वास ठेवतो असे नाही, आम्ही स्वतः ऐकले आहे आणि हा खरोखर जगाचा तारणारा आहे हे आम्हाला ठाऊक आहे. कोणी आज ऐकतो, कोणी अनेक वर्षांनी. पण ज्याचे त्याने स्वतः ऐकावे लागते, एवढे सर्वांना समान आहे.

माझी आपणांस नम्र विनंती अशी, की पंडिता रमाबाईंविषयी यापुढे लेख प्रसिद्ध करताना त्यांची 1907 ची साक्ष आणि वाँटेजच्या भगिनींशी झालेला पत्रव्यवहार लेखकांनी जरूर पाहावा, आणि त्यांच्या श्रद्धेविषयी त्या स्वतः जे सांगतात त्यालाही त्यांच्या सामाजिक कार्याइतकीच जागा द्यावी. वाचकांना तो विश्वास पटेल की नाही, हे त्यांचे ते ठरवतील.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, अहिल्यानगर